चंद्राची साक्ष आणि जवळचा चष्मा

गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिल्यावर शिंपीबुवांच्या लक्षात आलं, की आपल्या नाकावर जवळचा चष्मा आहे. काजं करायचा. त्यातून सुईचं नाक लख्ख दिसे. आकाश मात्र भिजलेल्या अस्तरासारखं दिसत होतं.

एरवी काही बिघडलं नसतं. पण शिंपीबुवांच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे सण छापील कॅलेंडरवर ठरत नसत. बायबलच्या रीतीने नव्या चंद्राची कोर दोघांनी डोळ्यांनी पाहायची, दोघांनी वेगवेगळी साक्ष द्यायची, मगच महिना लागायचा. त्यात शिंग फुंकून सुरू करायचा कर्ण्यांचा सण महिन्याच्या पहिल्याच दिवशी. कोर आज दिसली तर सण आत्ता सुरू आणि उद्या सूर्यास्ताला संपणार. नाही दिसली तर उद्या सुरू. नर्सची नोकरी करणारी लेक बऱ्याच वर्षांनी सणाला घरी आली होती. तिची रजा नेहमी एका दिवसाची. उद्या संध्याकाळच्या गाडीने ती जाणार, हे दोघांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणजे चंद्र हुकला की लेकीविना सण.

"दिसला! अहो, तो बघा, टाकीच्या वर!" बायको ओरडली.

"कुठली टाकी?"

"एवढी मोठी टाकी दिसत नाही तुम्हाला?" मग तिचं लक्ष त्यांच्या नाकाकडे गेलं. "लांबचा चष्मा कुठाय?"

"दुकानात. मशीनवर."

नुकत्याच वर आलेल्या लेकीला किल्ली देऊन दुकानाकडे पिटाळलं. ती जिना उतरताच बायकोने आवाज खाली आणला. "हो म्हणून टाका ना. मी बघतेय ते खोटं आहे का?"

"न बघता साक्ष देऊ? साक्ष घेताना मास्तर विचारतील चंद्राची टोकं कुठे होती. काय सांगू, हिने सांगितली तिकडे?"

"सांगा की. एरवी सगळं माझंच ऐकून सांगता."

शिंपीबुवांचं मन क्षणभर डळमळलं, पण जीभ वळेना. शेवटी बायकोने एकटीनेच मास्तरांना फोन लावला. मास्तर मंडळीचे पुढारी आणि निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे साक्ष तोंडी परीक्षेसारखी घ्यायचे.

"किती वर आहे? टोकं कुठे?"

"टाकीच्या हातभर वर. टोकं वर, जराशी डावीकडे."

"ठीक. दुसरा साक्षीदार?"

"त्यांचा चष्मा यायचाय."

लेक धापा टाकत आली. शिंपीबुवांनी चष्मा चढवला आणि टाकी फार सुरेख दिसली. तिच्यातून गळणारं पाणीसुद्धा दिसलं. पण तिच्या वरच एक ढग ऐसपैस येऊन बसला होता. डोळे दुखेस्तोवर बघूनही तो हलेना. शिंपीबुवा बायकोकडून फोन घेऊन रडवेल्या आवाजात म्हणाले, "मास्तर, एकच साक्ष. सण उद्या." बायकोने तोंड फिरवलं.

"उद्या का?" लेक म्हणाली. "चंद्र तर आहे. मी आत्ता बेकरीच्या वळणावर बघितला."

बायकोने नवऱ्याच्या हातातून फोन ओढून लेकीच्या कानाला लावला.

"तू घरचीच," मास्तर म्हणाले. "आईने पढवलं असेल."

"आई वर गच्चीत होती, काका. मी खाली रस्त्यावर."

"टोकं कुठे होती?"

आईने स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला.

"वर. थोडी डावीकडे."

मग मास्तर म्हणाले, "पास!"

शिंपीबुवांनी शिंग उचललं आणि गाल फुगवून असं फुंकलं, की खालच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून ओरडल्या, "कुणाची गाडी अडकलीये?"

जेवायला बसल्यावर शिंपीबुवांनी हात जोडले. "देवाचे उपकार. नाहीतर तुझा सण हुकला असता गं."

"हुकला कसा असता? मी दोन्ही दिवसांची रजा घेतलीये. याच घरात वाढलेय मी. सण आज की उद्या, हे कधी कुणाला आधी कळलंय? गाडी परवाची आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत कुठे? आल्यापासून दोघंही वरच बघताय."

शिंपीबुवांच्या कपाळावर आठी चढली. पण सणाला कुठलंही काम करायचं नसतं आणि रागावणं हेही कामच, असं ठरवून त्यांनी ते उद्याच्या सूर्यास्तावर ढकललं आणि भात वाढून घ्यायला ताट पुढे केलं.