आयटी प्रमुख, नववी ब

"बाबा, मी तुमची मुलगी आहे की दुकानाची कॉम्प्युटरवाली?"

प्रश्न माझा नाही. म्हणजे तोंड माझं, पण प्रश्न मैत्रिणींचा. "हिंमत असेल तर विचारून दाखव, तेही भर गिऱ्हाइकांत!" असं मला टॉवरने डिवचलं होतं. टॉवर म्हणजे माझ्या बाकावर बसणारी. उभी राहिली की मागच्या चार जणींना फळा दिसत नाही, म्हणून टॉवर. मागच्या वर्षी कुणी असं डिवचलं असतं तर मी दप्तरात तोंड खुपसलं असतं. मागच्या वर्षी मी हजेरीसुद्धा अशी द्यायचे की बाई मला गैरहजर लावायच्या! पण ती मी वेगळी. आताची मी शाळेच्या नाटकात न्यायाधीश आहे. काळा झगा, हातोडा आणि एकोणतीस वाक्यं!

बाबांच्या हातात कुणाचा तरी करडा कोट होता. त्यांनी प्रश्नावर नीट विचार केला. बाबा कुठल्याही प्रश्नाचं खरं उत्तर देतात, हाच त्यांचा प्रॉब्लेम आहे.

"दोन्ही," ते म्हणाले. "का गं? प्रिंटर लागला का?"

काउंटरपलीकडची तीन गिऱ्हाइकं खो खो हसली. मी काउंटरखाली होते. गुडघ्यावर. तोंडात वायर!

आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. कपडा आला की कॉम्प्युटरमधून टॅग निघतो. टॅगवर नंबर असतो आणि त्या नंबरावरून कपडा कुणाचा ते कळतं. टॅग निघाला नाही तर आमच्याकडे उरतात चारशे अनाथ पँटी! आणि टॅग दिवसाआड निघायचा नाही. मग बाबा स्कूटर घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर. "बेटा, परत अडकलंय." मी जायचे, काउंटरखाली शिरायचे, वायर काढायचे, लावायचे, मशीनला दोन शब्द सुनवायचे, की सुरू! दोन वर्षं हे चाललं होतं. चालू द्या म्हटलं असतं, पण आता शाळा सुटल्यावर नाटकाची तालीम असते. आणि नाटकाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तालमीला दांडी मारणाऱ्याला मी झाड करीन."

नाटकात दोन झाडं आहेत. त्यांना वाक्य नाही. त्यांना हलायचीही परवानगी नाही.

मी काउंटरखालून बाहेर आले आणि जाहीर केलं, "मी कॉम्प्युटरवाली नाही! हे काम बाहेर द्यायचं. अशा कंपन्या असतात. त्या आपल्या सगळ्या मशिनी सांभाळतात, लांबूनच. बिघडायच्या आधीच त्यांना कळतं!"

"बिघडायच्या आधी कसं कळेल?" आईने विचारलं. आई इस्त्रीच्या टेबलाशी होती.

"त्या सतत लक्ष ठेवतात."

"माझ्या दुकानावर परका माणूस लक्ष ठेवणार? मी काय खाते, कुणाशी बोलते?"

"तुझ्यावर नाही गं आई, मशीनवर!"

"मशीन माझ्याच शेजारी आहे," आई म्हणाली आणि एका शर्टाची कॉलर अशी दाबली की तिच्यातून वाफेने किंकाळी फोडली.

पण मी हटणाऱ्यांतली नव्हते. दोन दिवस डोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी कंपनीचे टायवाले काका दुकानात आले. त्यांनी काउंटरखालच्या आमच्या कॉम्प्युटरच्या धूळखाऊ डबड्याकडे पाहिलं आणि आदराने म्हणाले, "अच्छा, म्हणजे हा तुमचा सर्व्हर." डबड्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मान दिला. मला तर वाटलं ते लाजलं! काका म्हणाले, "आता तुम्ही निर्धास्त राहा. जरा काही झालं की आमचं केंद्र लगेच तुमच्या आयटी प्रमुखांना कळवेल. फक्त हा फॉर्म भरा."

फॉर्म अकरा पानी होता. बाबांनी तो दोन संध्याकाळ बसून भरला, चांगल्या अक्षरात. "एकदा नजर टाक," म्हणाले. मी टाकली. म्हणजे पहिल्या पानावर टाकली, दहा पानं उलटली आणि रुबाबात म्हटलं, "परफेक्ट!" मला त्या वेळी न्यायाधीशाचं एकोणिसावं वाक्य पाठ होत नव्हतं, एवढंच माझ्या बचावात सांगते.

सोमवारपासून कंपनी सुरू. मी मोकळी! मधल्या सुट्टीतही तालीम ठेवली होती. मी हातोडा उचलला, छाती भरून श्वास घेतला. "न्यायालय..."

"अगं ए न्यायाधीश!" दारातून शाळेच्या कारकून बाई ओरडल्या. धापा टाकत होत्या. "ऑफिसात तुझा फोन आहे. अतिगंभीर म्हणतायत!"

मी हातोडा तिथेच टाकला. झगा सावरत दोन जिने उतरले. फोन कानाला लावला, तर आतून एक गोड, थंडगार आवाज आला. "तुमच्या आस्थापनेतील मुख्य सर्व्हर प्रतिसाद देत नाही. सूचना मिळाली असल्यास एक दाबा."

मी एक दाबलं. दुकानात फोन लावला. कुणी उचलेना. दीड ते तीन दुकान बंद असतं, आईबाबा वरच्या मजल्यावर जेवतात. मी परत गेले तोवर सुट्टी संपली होती.

संध्याकाळी दुकानात बघते तर डबडं मजेत चालू! "काही झालं नव्हतं बाई," आई म्हणाली.

मंगळवारी एक वाजून बत्तीस मिनिटं. "अगं ए न्यायाधीश!" दोन जिने. एक दाबा.

बुधवारी कारकून बाई धावत आल्याच नाहीत. त्यांनी शाळेच्या लाउडस्पीकरवरून पुकारलं, "नववी ब मधील आयटी प्रमुख जिथे असतील तिथून ऑफिसात यावे!" सगळी शाळा खिडक्यांत. पाचवीतली पोरं माझ्यामागे घोषणा देत जिन्यापर्यंत आली. परतले तेव्हा नाटकाच्या बाईंनी चष्मा काढला होता. बाई चष्मा काढतात तेव्हा कुणाचं तरी काहीतरी जातं.

"अजून एकदा फोन," त्या म्हणाल्या, "आणि न्यायाधीश टॉवर. तू झाड. डावीकडचं."

डावीकडचं झाड पडद्याच्या मागे अर्धं लपतं! आईबाबा पहिल्या रांगेत बसले तरी त्यांना माझी एक फांदी दिसेल!

मी घरी जाऊन बाबांना धरलं. "कंपनीला शाळेचा नंबर कुणी दिला?"

"मी," बाबा शांतपणे म्हणाले. "फॉर्ममध्ये विचारलं होतं, मशिनींबद्दल दुकानात सर्वांत जास्त कुणाला कळतं? मी तुझं नाव लिहिलं. मग विचारलं, कार्यालयीन वेळेत ही व्यक्ती कुठे भेटेल? तू शाळेत भेटतेस. खोटं कसं लिहू?"

"मग माझं वय नाही का लिहिलंत?"

"ते विचारलंच नव्हतं."

मी कंपनीला फोन केला. गोड आवाज म्हणाला, आयटी प्रमुख बदलायला सध्याच्या आयटी प्रमुखांच्या सहीचा फॉर्म लागेल आणि एक दिवस लागेल. माझ्याकडे एक दिवस कुठे होता? गुरुवारी रंगीत तालीम, मुख्याध्यापिकांसमोर. आणि शुक्रवारी नाटक!

मग काय, मी बंड केलं. घंटा व्हायच्या आत ऑफिसात गेले आणि कारकून बाईंना सांगितलं, "आज फोन वाजला तर उचलू नका. वाजून वाजून थकू दे त्याला!"

"आणि खरंच अतिगंभीर असेल तर?"

"असू दे. न्यायालय ऐकणार नाही!"

काय झकास वाटलं म्हणून सांगू! मान ताठ करून मी रंगमंचावर चढले. समोर मुख्याध्यापिका, सगळे शिक्षक. आरोपीने आपली कैफियत मांडली. मी एकोणिसावं वाक्यसुद्धा न अडखळता म्हटलं. दोन वाजत आले. फोन नाही, कारकून बाई नाहीत. जिंकले!

आणि सभागृहाचं दार उघडलं.

खांद्यावर भलीमोठी बॅग, गळ्यात ओळखपत्र, घामाने भिजलेला एक दादा. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मोठ्यांदा विचारलं, "आयटी प्रमुख मॅडम कोण? तुमचा फोन कुणी उचलेना, म्हणून कंपनीने प्रत्यक्ष धाडलंय. सर्व्हर कुठे आहे?"

बाईंचा हात चष्म्याकडे गेला. डावीकडचं झाड माझ्याकडे पाहून हलकेच सरकलं, जागा करून दिल्यासारखं!

पूर्वीची मी असते तर टेबलाखाली गेले असते. पण अंगात झगा होता आणि हातात हातोडा. मी तो असा आपटला की टेबलावरची शाई उडाली.

"साक्षीदार हजर!" मी गरजले. "पिंजऱ्यात उभे राहा!"

आणि काय आश्चर्य, दादा गेला! बॅगसकट जाऊन पिंजऱ्यात उभा राहिला. मला वाटतं, दिवसभर त्याला कुणी ना कुणी असंच कुठे तरी उभं करत असणार.

"साक्षीदार, या न्यायालयाचा पत्ता तुम्हाला कुणी दिला?"

"मॅडम, फॉर्मवर आहे. ‘कार्यालयीन वेळेत: शाळा, दुसरा मजला, नववी ब, खिडकीजवळचा बाक.’"

मुख्याध्यापिका खुदकन हसल्या. त्या हसल्या म्हणून सगळे शिक्षक हसले.

"सर्व्हर नेमका केव्हा बंद पडतो?"

दादाने मोबाइल काढून वाचलं. "सोमवारी एक एकतीस. मंगळवारी एक एकतीस. बुधवारी एक एकतीस. आज एक तीस. आणि रोज तीनला आपोआप उठतो. मॅडम, मी सहा वर्षं हे काम करतोय. मशीन असं वेळेवर मरत नाही. कुणीतरी रोज प्लग उपटतंय, म्हणूनच ते सारखं अडकतं."

माझा हातोडा हवेतच राहिला. दीड वाजता दुकानात शेवटी कोण असतं? कुलूप कोण लावतं? दोन वर्षं मी काउंटरखाली गुडघे घासले, वायरी चावल्या, त्या गरीब डबड्याला नको नको ते बोलले...

"आरोपी सापडला!" मी ओरडले. "आरोपी माझी आई आहे!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. नाटकातला आरोपी खूश होऊन घरी जायला निघाला. मुख्याध्यापिका डोळे पुसत बाईंना म्हणाल्या, "हा प्रवेश फार छान बसवलाय हं!" बाईंनी चष्मा परत नाकावर चढवला. न्यायाधीश मीच राहिले! मात्र बाई माझ्याकडे न येता तडक पिंजऱ्याशी गेल्या. "तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो," त्या दादाला म्हणाल्या. "उद्या दीडनंतर मोकळे आहात का?"

दुकानात गेले ती झगा न उतरवताच. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, दीड वाजता प्लग काढतेस?"

"काढते की. आपण जेवायला बसतो, मग त्या बिचाऱ्याने काय म्हणून राबायचं? घटकाभर विश्रांती मिळाली की बरं वाटतं त्याला."

मी दादाकडून आणलेला कंपनीचा नवा फॉर्म काउंटरवर ठेवला, खाली ठसठशीत सही केली, आणि आवाज असा लावला की शेवटच्या हँगरपर्यंत पोचावा.

"दोघांनी ऐका. मी ठरवलंय. आजपासून मी आयटी प्रमुख नाही. आजपासून आयटी प्रमुख आई! प्लग काढणारी ती, फोनही तिलाच येईल. एक दाबायचं, प्लग लावायचा, संपलं! मी फक्त मुलगी. आणि उद्या दुकान दीड वाजता बंद करून तुम्ही दोघं नाटकाला यायचं, पहिल्या रांगेत. जाताना प्लगला हातसुद्धा लावायचा नाही. हा अंतिम निकाल आहे, यावर अपील नाही!"

"बरं," आई म्हणाली. बढती मिळाल्यावर माणसं जशी बसतात तशी ती जरा ताठ बसली.

बाबांनी पेन उघडलं आणि फॉर्म पुढे ओढला. या वेळी मी शहाणी झाले होते. मागे उभी राहून एकेक शब्द वाचत होते. नाव बरोबर. नातं बरोबर. मग ‘ही व्यक्ती कुठे भेटेल?’पाशी बाबांचं पेन थांबलं, त्यांनी क्षणभर विचार केला, आणि चांगल्या अक्षरात लिहिलं:

‘शुक्रवारी दीडनंतर: शाळेचं सभागृह, पहिली रांग.’