मी वर बोलले

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, आणि अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे. लेकीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते. चार माणसांत मला तोंडानं काही सांगता येत नाही. त्यातून मार्थामावशीबद्दल सांगायचं म्हणजे ती मधे बोलूच देत नाही.

मार्थामावशी कुणाशी भांडत नाही. ती डोळे मिटते.

ह्याचा अर्थ आमच्या घनसावंगीच्या मंडळीतल्या लहान लेकरालाही कळतो. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं. दर गुरुवारी संध्याकाळी मावशीच्या पुढच्या खोलीत प्रार्थना असते. जालन्याहून पाळकसाहेब येतात. आधी गीत, मग वचन, मग एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. मावशीची पाळी आली की ती डोक्यावरचा पदर नीट करते, डोळे गच्च मिटते आणि वर छपराच्या पत्र्याकडं तोंड करते.

"हे दयाळू बापा, तुला त सगळं माहीत हाय. सुमनबाईनं माझं डाळीचं पातेलं बारशाला म्हणून नेलं. ते लेकरू आता रांगून राह्यलं बापा. सुमनबाईच्या मनात पातेलं परत द्यायची इच्छा घाल. झाकणासकट."

सगळे म्हणतात, "आमेन." म्हणावंच लागतं. सुमनबाईलाही म्हणावं लागतं, आणि तिनं हळू म्हटलं तर लोकांना संशय येतो, म्हणून ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणते.

ह्यात मावशीची हुशारी अशी, की प्रार्थनेत कुणाला मधे बोलता येत नाही. हा नियम तिनंच मंडळीत कडक केलेला. प्रार्थना संपल्यावर कुणी तिला जाब विचारला, तर ती पत्र्याकडं बोट करते.

"मी तुला कुठं बोलले? मी वर बोलले. तू काहून मधीच ऐकून राह्यली?"

ह्यावर आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. पाळकसाहेबांनाही नाही, आणि ते तर शिकून आलेत.

पाळकसाहेब प्रीतीवर फार छान बोलतात. त्यांच्याकडं तो एकच उपदेश आहे, पण छान आहे. देवावर प्रीती करा, एकमेकांवर प्रीती करा. एकदा ते असेच रंगात आले आणि बाहेर अंधार पडायला लागला. मावशीनं पाळी नसताना डोळे मिटले. "बापा, तुझ्या सेवकाला थोडक्यात बोलायचं वरदान दे. जालन्याची शेवटची गाडी तू त्याच्यासाठी थांबवून ठेवशील, पण कंडक्टर आपल्यातला न्हाई." पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं आणि पिशवी उचलली. जाता जाता मावशी त्यांना म्हणाली, "साहेब, देवावर प्रीती करणं सोपं हाय. देव पातेलं न्हेत न्हाई."

तिच्यासमोर एकच माणूस उभा राहिला, तो म्हणजे आमच्या मंडळीचे पंच वसंतदादा. त्यांच्या शेळीनं मावशीच्या अंगणातली मेथी खाल्ली होती, आणि त्या गुरुवारी शेळीचं नाव देवापर्यंत गेलं. वसंतदादांनी तिथंच डोळे मिटले.

"हे प्रभू, जे लोक तुझ्यापुढं दुसऱ्याच्या शेळ्या आणतात, त्यांना क्षमा कर."

मावशी म्हणाली, "बापा, शेळी मी न्हाई आणली. ती आपल्या पायानं आली."

"प्रभू, लोकांना कुंपण घालायची बुद्धी दे."

"बापा, कुंपण हाय. खाली वाकून पाहा."

आम्ही सगळे डोळे मिटून बसलेलो. मान इकडं फिरवावी की तिकडं, तेही कळेना. शेजारच्या गोदाबाई आमच्यातल्या नाहीत, पण गावाची खबर कळते म्हणून गुरुवारी मावशीच्या ओट्यावर येऊन बसतात. त्या बाहेरूनच म्हणाल्या, "शेळी लंगडी हाय, कुंपणावरून कशी येईल?" वसंतदादांना हसू फुटलं आणि चुकून आमेन निघालं. ज्याचं आमेन आधी निघालं तो हरला, असं मंडळीनं धरलं. दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी मावशीच्या दारात पोचली.

तुम्हाला वाटेल, मग लोक अशा बाईच्या घरी येतात तरी कशाला? तर न आलेल्याची प्रार्थना जास्त लांब होते, म्हणून येतात. मावशीचं काही ना काही प्रत्येकाच्या घरात असतं. कुणाकडं पातेलं, कुणाकडं शिडी, कुणाकडं सतरंजी. नवरा वारला, एकुलता लेक पुण्याला. दवाखान्यात आया म्हणून नोकरी केली, तिची पेन्शन येते. मागितलं की लगेच देते, नाही म्हणत नाही. पाळकसाहेब आमच्या सहभागितेचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून असण्याचं, फार कौतुक करतात. पण खरी गोष्ट अशी, की ती सगळी सहभागिता मावशीच्या भांड्यांवर उभी होती. ज्याचं देणं फिटलं, तो दोन-तीन गुरुवारांत दिसेनासा व्हायचा.

तर एकदा मीही तिच्याकडं गेले. आमच्या ह्यांची शहागडला जाणारी जीप बंद पडली होती, आणि मेकॅनिक पैसे हातात पडल्याशिवाय इंजिनाला हात लावत नव्हता. मावशीनं धान्याच्या डब्यातून पैसे काढून माझ्या ओंजळीत ठेवले. मी म्हटलं, "लिहून घे मावशी." ती म्हणाली, "मी काहून लिहू? ज्याला पाहायचं त्यानं पाह्यलं."

तेव्हा मला हे फार मोठं मन वाटलं. पहिला हप्ता दिला, त्या गुरुवारी कळलं.

"बापा, सुगंधेचा पहिला हप्ता आला. तू पाह्यला. उरलेला पण तू पाहून राह्यला. तिच्या मालकाची जीप चालव. अन् सुगंधेचं तोंड उघड बापा, लई दिवस झाले, ती नुसती आमेन म्हणून राह्यली."

आमेन.

मी मान खाली घालून बसले ते बसलेच. तोवर मी कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. माझी पाळी आली की शेजारची बाई पुढं सुरू करायची. सगळ्यांना त्याची सवय झाली होती. आता दर गुरुवारी माझं नाव, माझा हप्ता आणि माझं तोंड, तिन्ही पत्र्यापर्यंत जायला लागली. ओट्यावरून गोदाबाई विचारायच्या, "किती राह्यले गं सुगंधा?"

घरी मी रडले. हे म्हणाले, "पोटाला चिमटा घेऊ, पण देऊन टाक एकदाचे. मंग गुरुवारी तिकडं फिरकू पण नको." मी तसंच ठरवलं. कापूस वेचायला गेले, दुसऱ्यांचे ब्लाउज शिवले, आणि एक हप्ता राहिला.

तो काही मावशी घेईना. पहिल्यांदा म्हणाली, नोट फाटकी आहे. मी नवी नेली, तर म्हणाली, चष्मा सापडून नाही राह्यला, नोट खरी कशी ओळखू? चष्मा तिच्या कपाळावर होता. त्यानंतर म्हणाली, आज हात पिठाचे आहेत. ही बाई सुमनबाईचं झाकण विसरत नाही आणि माझे पैसे घेत नाही, म्हणजे हिला मला आणखी चारचौघांत फिरवायचंय, असं माझ्या मनानं घेतलं. मला इतका राग आला की मी गुरुवारची वाटच पाहिली नाही. सोमवारी भर दुपारी तिच्या घरी गेले. नोटा तिच्यापुढं टाकायच्या आणि मागं न बघता निघायचं, एवढंच ठरवलं होतं.

दार ओढलेलं होतं. आतून आवाज येत होता. कुणी पाहुणे असतील म्हणून मी ओट्यावर थांबले. पाहुणे नव्हते. मावशी वर बोलत होती.

"सुमनच्या गुडघ्याला आराम दे बापा. पातेलं दिल्यापासून ती आली न्हाई. वसंताची शेळी व्याली, चांगलं झालं. माझ्या लेकाला फोन करायची सवड दे, न्हाई दिली तरी त्याला सुखी ठेव." मग मी दाराला हात घातला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "अन् बापा, सुगंधेचे पैसे फिटत आले. फिटले का ती पण यायची न्हाई. तिचा हप्ता जरा लांबव. पण तिच्या घरात कमी नको पडू देऊ. कसं करायचं ते तू पाहा."

देवाला इतकं अवघड काम कुणी सांगितलं नसेल. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता घरी आले.

त्या गुरुवारी खोली अर्धी रिकामी होती. वचन झालं, प्रार्थना सुरू झाल्या. माझी पाळी आली तशी शेजारची बाई सवयीनं तोंड उघडायला लागली. मी तिच्या मांडीवर हात ठेवला. मी डोळे मिटले.

"बापा, मी सुगंधा."

कुणीतरी खोकलं. मावशीच्या बांगड्या वाजल्या. मधे बोलायचं नाही हा नियम तिचाच.

"बापा, मार्थामावशीचे राह्यलेले पैसे मी तिच्या पवित्र शास्त्रावर ठेवलेत. नोट फाटकी न्हाई. चष्मा तिच्या कपाळावर हाय. तिला ते घ्यायला लाव. अन् तिला सांग, पैसे फिटले तरी मी गुरुवारी येणार हाय. मधल्या वारी पण येईन. तिनं माझ्यावर भरवसा ठेवावा. लिहून द्यायला सांगू नको बापा, माझं अक्षर बरं न्हाई."

"आमेन," सगळे म्हणाले. ओट्यावरून गोदाबाईही म्हणाल्या.

मावशीचं आमेन सगळ्यांच्या नंतर आलं. तिनं पदरानं नाक पुसलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्याकडं पाहिलं.

"मला बोलली का गं तू?"

"न्हाई मावशी," मी म्हटलं. "मी वर बोलले."

मावशीनं नोटा उचलल्या, अंगठा ओला करून एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या.

"बराबर हाय," ती म्हणाली. "सगळे फिटले."