सासूबाईंचा बोर्ड

ओव्हन घरात येऊन नऊ दिवस झाले होते, पण अजून त्यात साधा पावही गरम झाला नव्हता. तो बसवायला आलेल्या माणसाने जिन्याखालचा फ्यूजबोर्ड पाहिला, "आधी वायरमन बोलवा," एवढंच म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. इकडे सूनबाईंनी चांगली नोकरी सोडून केकचा व्यवसाय सुरू केला होता आणि पहिलीच ऑर्डर आली होती. एका शाळेच्या कार्यक्रमासाठी साठ कपकेक, आज संध्याकाळी सहाला.

वायरमन सकाळी नऊला हजर झाला. पन्नाशीचा, भरदार मिशांचा, सव्वीस वर्षं हेच काम केलेला.

"ओव्हन, गीझर आणि वॉशिंग मशीन, तिन्हींना वेगळी लाइन टाकू. जुना बोर्ड काढू, नवा बसवू. दुपारी दोनला मी घरी जेवायला," त्याने सांगून टाकलं.

"बोर्डाला हात लावू नका," जिन्यासमोर खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"आजी, अहो, तेच तर माझं काम आहे!" असं म्हणत त्याने बोर्डाचं झाकण उघडलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आत एक लाकडी फळी होती, तिच्यावर चिनीमातीचे चार फ्यूज आणि मागे कापडी वेष्टनाच्या वायरींचा जुडगा.

"वहिनी, हे चालू आहे?"

"म्हणजे काय? समोर पंखा फिरतोय की."

"तेच विचारतोय. तो फिरतोय कसा?"

कोणत्या फ्यूजवर काय चालतं ते बघायला त्याने तीन नंबरचा फ्यूज ओढला. वरच्या खोलीत सूनबाईंचा नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांना "मी अगदी ठामपणे सांगतो की..." असं सांगत होता. तो ठामपणा तिथेच तुटला आणि "माझी मीटिंग!" असा टाहो खाली आला. वायरमनने घाईने फ्यूज परत खोचला. दारावरची घंटी वाजली. सूनबाई दाराकडे धावल्या.

"कुणी नाहीये," सासूबाई जागेवरून म्हणाल्या. "तीन नंबर बसवला की वाजतेच ती."

सूनबाईंनी दार उघडलं. खरंच कुणी नव्हतं.

मग वायरमनने एक नंबर ओढला. त्याचा अर्धा भाग त्याच्या हातात आला, अर्धा बोर्डातच राहिला आणि राहिलेल्याचा चुरा होऊन फरशीवर पडला. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्याने मीटरजवळचा मेन स्विच बंद केला, फळी भिंतीवरून उतरवली आणि वायरी सुट्या केल्या. अकरा वायरी. सगळ्या धुळीने सारख्याच काळ्या. कोणती कुठे जाते याचा पत्ता नाही.

"वहिनी, खोटं नाही सांगत," तो उकिडवा बसून म्हणाला. "एकेक वायर शोधायची म्हणजे भिंती फोडाव्या लागतील. दोन दिवस तरी."

स्वयंपाकघरात परातभर अंडी फेटून तयार होती आणि फेटलेली अंडी कुणासाठी थांबत नाहीत. सूनबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मट्‌कन बसल्या. "शाळेला फोन करून सांगू का?" नवऱ्याने हळूच विचारलं. त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं की तो मीटिंग नसतानाही वर निघून गेला.

"वरून दुसरी," सासूबाई म्हणाल्या.

"काय, आजी?"

"वरून दुसरी वायर पंपाची. पूस तिला. हिरवा दोरा असेल."

वायरमनने फडक्याने वायर पुसली. धुळीखालून शिवणाच्या हिरव्या दोऱ्याचे घट्ट वेढे वर आले. त्याने आपला तपासणीचा छोटा मीटर लावून पाहिलं. वायर पंपाचीच होती.

"तिच्याखालची पिवळ्या दोऱ्याची, स्वयंपाकघराची. लाल वरच्या खोलीची. दोन दोरे एकत्र असतील ती न्हाणीघराची, तिला फार ताणू नकोस."

एकेक वायर पुसली गेली आणि एकेक रंग उमटत गेला. अकराच्या अकरा बरोबर निघाल्या. वायरमनची मान वायरीगणिक खाली जात होती.

"हे दोरे कुणी बांधले, आजी?"

"मी. हे फिरतीच्या नोकरीवर. घरात तीन पोरं, फ्यूज गेला की कोण येणार होतं? पहिल्या वर्षी घाबरून रडले. दुसऱ्या वर्षी शिवणाचा डबा घेऊन बसले."

"आणि कधी काही जळलं?"

"कसं जळेल? मी एका वेळी सगळं लावूच देत नाही."

वायरमन सूनबाईंकडे वळला. "वहिनी, इस्त्री लावली की मिक्सर बंद, असं काही आहे का घरात?"

होतं ना! इस्त्री असेल तर मिक्सर नाही, पंप चालू असेल तर कुणी आंघोळीला जायचं नाही, पाहुणे आले की गीझरची वेळ बदलायची. अकरा वर्षं सूनबाई माहेरी फोन करून याच नियमांचं रडगाणं गात आल्या होत्या. त्यांना वाटायचं, हा सासूबाईंचा तापट स्वभाव.

"या वायरी केव्हाच पेटायला हव्या होत्या," वायरमन हलक्या आवाजात म्हणाला. "हे घर बोर्डावर चाललेलं नाही, वहिनी. ह्या आजींवर चाललंय."

मग सूनबाई उठल्या, अंडी फ्रिजमध्ये ठेवली आणि बॅटरी घेऊन वायरमनला उजेड दाखवायला उभ्या राहिल्या.

ओव्हन, गीझर आणि वॉशिंग मशीनच्या वेगळ्या लाइनी टाकून झाल्या आणि अडीचला नवा बोर्ड भिंतीवर चढला. ओव्हनमध्ये पहिली खेप गेली, मग दुसरी. पाचला वायरमन म्हणाला, "आता परीक्षा. सगळं लावा." पंप, गीझर, इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळे पंखे. घरात असा आवाज कधी झालाच नव्हता. सासूबाई कठडा धरून वर दिव्याकडे बघत राहिल्या. दिवा जराही थरथरला नाही.

"सगळं एकदम?" त्यांनी लहान मुलीसारखं विचारलं.

"सगळं एकदम, आई," सूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी सासूबाईंचा हात घट्ट धरला.

केक शाळेत सहाला दहा मिनिटं असताना पोचले.

पुढच्या आठवड्यात वायरमनचा फोन आला. त्याला सूनबाईंशी बोलायचं नव्हतं.

"आजी, दोन गल्ल्या पलीकडे आलोय. सहा फ्यूजचा बोर्ड आहे आणि दोरे-बिरे काही नाहीत. डोकं चालेनासं झालंय."

"घरात कुणी म्हातारं माणूस?"

"आहेत एक आजी. सारखं मध्ये मध्ये बोलत होत्या, म्हणून त्यांना आतल्या खोलीत बसवलंय."

"शहाणाच आहेस! आधी त्यांना बाहेर आण, फोन त्यांच्याकडे दे आणि कागद-पेन्सिल घेऊन बस," सासूबाई म्हणाल्या. मग पलीकडून एक थकलेला, रागावलेला आवाज आला, तशा त्या मऊ झाल्या.

"हं, बोला बाई. तुमच्याकडे काय काय एकत्र चालत नाही?"