कापलेलं करिंथ

कापडाची एक चिंधीही मी वाया जाऊ देत नाही. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, चार पोरं वाढवली, अन् शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. अक्कल शाळेत मिळत नाही, हे मी सुनेला रोज ऐकवते. ती लॅटिन शिकलेली. आता बोला.

त्या दिवशी कॉलेजात तिची मुलाखत होती. दोन वर्षं वणवण केल्यावर आलेली पहिलीच. करिंथ नावाच्या जुन्या ग्रीक गावाच्या नावावर बोलायचं होतं. नाव म्हणे ग्रीकांच्याही आधीच्या लोकांचं. अन् लॅटिनात त्या नावाला शेपूट पुरुषाचं, पण व्याकरणात गाव बाईमाणूस.

"आपल्या घरासारखं," मी म्हटलं. "दारावर पाटी तुझ्या सासऱ्यांची, कारभार माझा."

आमच्याकडे शिवणाच्या मशीनला टेकवलेला खाकी कागद म्हणजे कपड्याचे नमुने बेतायचा कागद. हा नियम मीच केलेला. सून अंघोळीला गेली अन् मला तिथे गुंडाळी दिसली. वर रेघा, परकी अक्षरं. म्हटलं, पार्सलचा असेल. दोन बाह्या अन् एक गोल गळा कापून मोकळी झाले.

"आई, माझा मुलाखतीचा तक्ता कुठाय?"

मी गळ्याच्या भोकातून तिच्याकडे पाहिलं. "कसला तक्ता?"

"तुमच्या हातात आहे तो."

तिचा चेहरा अस्तरासारखा पांढरा पडला. माझा नसेल पडला, असं नाही.

"रडू नकोस. जोडायला मी बसलेय ना."

दहा मिनिटांत शिवून दिला, वर दुहेरी टीप. पण अक्षर वाचता येईना, त्यामुळे बाह्यांची अदलाबदल झाली अन् गळा उलटा बसला. हे सुनेला कळलं ते थेट मुलाखतीत, तक्ता उलगडल्यावर. सोबत गेलेली मी दाराबाहेर बाकावर, कान आत लावून.

"हे काय आहे?" आतून एका बाईंचा आवाज आला.

"घरगुती अपघात," सून म्हणाली अन् तिने खडू उचलला.

अर्धा तास बोलली. मला ओ की ठो कळलं नाही, पण खडू कुठे अडला नाही, एवढं ऐकू आलं.

नोकरी लागली. त्या बाई म्हणाल्या, बाकीच्यांनी वाचून दाखवलं, हिला सगळं तोंडपाठ.

परतताना मी तीनदा सुनावलं, "माझ्या कात्रीमुळे लागली हो नोकरी."

"खरंय, आई," सून गोड आवाजात म्हणाली. "उद्या तुमची मापांची वही कापते. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं पाठ होतील तुम्हाला."

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी मी वही ट्रंकेत घातली. शिकलेल्या माणसाचा काय भरवसा.