मधूकाकांची गार खोली

आमच्या चौलात केबलची तक्रार फोनवर करायची सोय नव्हती. म्हणजे फोन होता, पण केबलवाले मधूकाका तो उचलून एवढंच म्हणायचे, "दुखणं फोनवर कळत न्हाय. घरी ये."

मग त्यांच्या यंत्रांच्या खोलीत सतरंजीवर बसायचं आणि नेट गेलं तेव्हा घरात काय शिजत होतं, इथपासून सगळं सांगायचं. काका ऐकता ऐकता एकेका यंत्राला उलटा हात लावून ताप बघायचे.

अख्ख्या गावाची टीव्हीची आणि नेटची केबल त्या खोलीतून निघायची, म्हणून खोलीला एसी. काका मात्र एकटा जीव, पडवीत पुठ्ठ्यानं वारा घेत झोपायचे. "मी तापलो तर कुणाची सिरियल बंद पडत न्हाय," म्हणायचे. मे महिन्यात गावातल्या तक्रारी का वाढायच्या, हे सांगायला नको. आमच्या हिनं तर एकदा निवडायची मेथी घेऊनच तक्रार नेली.

तक्रार आमची खरीही असायची. आमचं घर गावात शेवटचं, समुद्राला लागून. काकांच्या खोलीतून निघालेला सिग्नल सुपारीच्या वाड्या ओलांडून आमच्याकडे यायचा तो धापा टाकतच. मुलीचा ऑनलाइन वर्ग म्हणजे तोंड उघडं ठेवून गोठलेल्या बाईंचा फोटो.

मग कंपनीनं नवी पद्धत काढली. खोलीतल्या यंत्रांचं काम खांबांवरच्या पेट्यांत हलवायचं आणि तिथपर्यंत फायबर न्यायची. तंत्रज्ञानातली माझी गती बटण बंद करून चालू करण्यापुरती. तेव्हा काकांनीच समजावलं.

"गावजेवण बघ. चूल एकच, म्हणून शेवटच्या पंगतीला भात गार. आता आळीआळीत चूल."

"आणि तुमची खोली?"

"तुझ्या पोरीला गरम भात मिळंल ना?" म्हणाले, आणि बेत मान्य करून मोकळे झाले.

प्रत्येक पेटीपुढे त्यांनी नारळ फोडला. पेटीला कुंकू लावताना कंपनीचा इंजिनियर ओरडला, तर त्यालाही लावलं.

नेट असं धावू लागलं की गावात कुणाला तक्रारच उरेना. काकांची खोली रिकामी झाली, एसी बंद. "आता त्यांच्याकडे कोण जाणार?" ही सहज बोलून गेली.

काही दिवसांनी संध्याकाळी काका आमच्या पायरीवर. म्हणाले, इकडनंच पुढं चाललो होतो. आमच्या पुढं फक्त समुद्र आहे.

"नेट कसं हाय?"

फर्स्टक्लास म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर ही आतून म्हणाली, "जरा अडकतंय हो काका. बसा, चहा टाकते."

माझ्या पाठीमागे टीव्हीवर नेटवरचीच मॅच सुसाट चालली होती. काकांनी एक अख्खी ओव्हर नीट बघितली. मग खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

"अडकतंय खरं," ते म्हणाले. "एका दिवसात सुटणारं न्हाय हे."