आधी कहाणी, मग छाती

साळवे डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी समोर दिसेल ते ठोकून बघत. डाव्या हाताचं मधलं बोट वस्तूवर टेकवायचं, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर दोनदा टकटक करायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. ज्वारीची कणगी, दार, भिंत, एकदा तर पोस्टमास्तरांचं टेबल. माझ्या खोलीवर पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार करायच्या आत त्यांनी माझा रॉकेलचा डबा वाजवला आणि म्हणाले, "बाई, चार बोटं उरलंय. रविवारपर्यंत पुरंल."

शनिवारी संध्याकाळी स्टोव्ह विझला. साळवे एका दिवसानं चुकले म्हणून मला जो आनंद झाला, तो आठवला की आजही लाज वाटते. पण त्या काळात मला आनंदाच्या जागा फार थोड्या होत्या.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी पुण्याहून डॉक्टर होऊन मानवतच्या सरकारी दवाखान्यात नुकती रुजू झाले होते. वर्गात दुसरी आलेली, गळ्यात मामानं विलायतेहून आणलेला स्टेथोस्कोप. साळवे माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, औरंगाबादला शिकलेले. त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी एका जागी फाटली होती आणि तिला सायकलच्या पंक्चरचं ठिगळ होतं. आम्ही एकाच खोलीत, मध्ये हिरवा पडदा. खिडकी माझ्या बाजूला, पंखा माझ्या बाजूला, आणि झाडून सगळे पेशंट त्यांच्या बाजूला.

पुरुष तिकडे गेले तर समजू शकत होते. पण बायकासुद्धा! पदर सावरत, पोरं काखोटीला मारून, माझ्या टेबलावरून पुढे जात आणि त्यांच्या रांगेत फतकल मारून बसत. एकदा न राहवून मी एका म्हातारीला विचारलंच, "आजी, मी रिकामी आहे. इकडे या की."

तिनं माझ्याकडे मायेनं पाहिलं. "तुमी लय हुशार हाव, बाई. पर तुमी नुसती नळी लावता. साळवे डागदर इचारतेत."

विचारतात म्हणजे काय, ते मी पडद्याआडून रोज ऐकत होते. खोकला कधीपासून? कोरडा का बेडका पडतो? कोणत्या रंगाचा? चूल घरात का अंगणात? धूर कुठनं जातो? मालक बिडी ओढतो का, आणि ओढताना तुमच्या कोणत्या अंगाला बसतो? दमाचा प्रश्न तर ठरलेलाच. "विहिरीवरून घागर आणताना कुठं टेकता?"

"मारुतीपाशी."

"पोळ्याला कुठं टेकत व्हता?"

"पोळ्याला कुटं वं, सरळ घरी जात व्हते."

"आन् दिवाळीला?"

"दिवाळीला शाळंपाशी."

एवढं झालं की साळवे कागदावर गावचा नकाशा काढत. विहीर, मारुती, शाळा, घर. दम किती वाढला ते त्यांना त्या नकाशात दिसे. मध्येच बाई सुनेचं गाऱ्हाणं सांगू लागली तर तेही ऐकून घेत. पाऊण पाऊण तास! मी पडद्याआडून मोठ्यानं पेन आपटलं की त्यांचा आवाज येई, "बाई, घाई दम्याला न्हाई, तुमाला हाय." आणि पेशंटनं सदऱ्याच्या गुंड्या काढायला सुरुवात केली की त्याचा हात धरून म्हणत, "थांबा हो. आदी कहाणी, मंग छाती."

हे वाक्य पुढे मानवतच्या बाजारात लोक कशालाही वापरत. बैल विकतानासुद्धा.

कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचणारी गोदाबाई माझ्याकडे आली तो दिवस मी विसरले नाही, कारण ती चुकून आली होती. साळवे रजेवर होते. छाती आवळते, खोकला येतो. मी तिला व्यवस्थित तपासलं, खोकल्याचं औषध दिलं. चार दिवसांनी बरी झाली. मला हर्ष झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आजारी, आणि या वेळी ती सरळ पडद्यापलीकडे.

"कोणत्या वारी सुरू व्हतं?" साळव्यांनी विचारलं.

"बाजाराच्या दुसऱ्या दिशी."

"आन् बाजाराच्या दिशी जिनिंग बंद असतं."

"व्हय."

"सुट्टीत छाती मोकळी व्हती. कामावर गेलं की कापसाची धूळ पुन्हा बसती, आन् पयल्या दिवशी लय तकलीफ देती. गोदाबाई, तुमी बऱ्या झाल्या न्हवत्या, नुसती सुट्टी आली व्हती."

त्यांनी मुकादमाला चिठ्ठी लिहून तिला धुळीपासून लांब, वजनकाट्यापाशी काम द्यायला सांगितलं. मी माझ्या औषधाच्या बाटलीकडे पाहत बसले.

त्यानंतर मी त्यांना चुकताना पकडायचं असं मनाशी ठरवूनच टाकलं. संधीही आली. पूर्णेहून रेल्वेतला एक फिटर त्यांचं नाव ऐकून आला. साळव्यांनी कहाणी ऐकली, मग त्याची पाठ वरपासून खालपर्यंत ठोकत आणली. टक, टक, टक, मग एकदम भद्द. तिथं त्यांनी जांभळ्या औषधात काडी बुडवून पाठीवर आडवी रेघ मारली. "उजव्या बाजूला पाणी हाय. इथवर."

मी म्हणाले, "अशी बोटांनी रेघ मारून कसं चालेल? परभणीला एक्स-रे काढू या."

"काढा की," साळवे म्हणाले. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

फिटर एस.टी.नं परभणीला गेला, फोटो घेऊन आला. मी तो खिडकीच्या उजेडात धरला, पाठीवरच्या रेघेशी ताडून पाहिला. पाणी बरोबर तिथवर होतं. मी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एक बोट वर आहे."

"तुमचं बोट का माझं?" साळव्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. फिटर हसला. मी फोटो लिफाफ्यात घालून ठेवला.

अशात एक दिवस शेजारच्या गावातल्या एका मोठ्या घरून जीप आली. घरचे कर्ते बाबाराव स्वतः आले होते. आईला खोकला आणि दम होता. "बाईच पाहिजेत," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा पडद्याकडे पाहिलं.

मी गेले. मोठ्या बाई, म्हणजे बाबारावांची आई, लोडाला टेकून बसल्या होत्या, भोवती घरभर माणसं. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना खाली बुडबुडे. न्यूमोनिया. पेनिसिलिन सुरू केलं. चार दिवसांनी पुन्हा जीप आली. बाबारावांचा चेहरा उतरला होता. आईला बोलतानाही धाप लागत होती.

त्या दिवशी साळव्यांना त्याच वाटेवरच्या पुढच्या गावी लशी टोचायला जायचं होतं, म्हणून तेही जीपमध्ये मागे बसले. घर आलं. मी आत गेले, ते अंगणाबाहेर निंबाखाली थांबले.

मोठ्या बाईंचे ओठ निळसर पडले होते. मी पुन्हा छाती ऐकली, पुन्हा तेच बुडबुडे. घाबरून बाहेर आले. निंबाखाली साळवे ओंजळीनं पाणी पीत होते आणि एक गडी तांब्या उंच धरून वरून ओतत होता. ते हात झटकत माझ्याकडे वळले.

"काय म्हंतेत मोठ्या बाई?"

"दोन्ही बाजूंना खाली बुडबुडे आहेत."

"हे नळीनं सांगितलं. त्या काय म्हंतेत?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"ताप?"

"नाही."

"आडवं झाल्यावर काय व्हतं, इचारून या."

मी आत गेले, विचारलं, बाहेर आले. "आडव्या होतच नाहीत. महिना झाला, लोडाला टेकूनच झोपतात."

"आदी किती उशा लागायच्या?"

पुन्हा आत. पुन्हा बाहेर. "एक. मग दोन. मग लोड."

"पायाचं हाड अंगठ्यानं दाबा, दहा मोजा, खड्डा ऱ्हातो का बघा. आन् मानेची शीर किती फुगलीय तेबी."

पुन्हा आत. नऊवारीच्या काठाखाली पाय सुजून खांबासारखे झाले होते. माझ्या अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. मानेची शीर कानापर्यंत फुगलेली. बाबाराव कौतुकानं पाहत होते. बाई किती बारकाईनं तपासतात!

मी बाहेर येऊन सांगितलं.

"छाती नुसता निरोप द्यायलीय, बाई. बिघाड काळजात हाय. पाणी उतरवायच्या गोळ्या द्या, काळजाची गोळी द्या, मीठ बंद करा. परभणीला न्या, पण आदी गोळी देऊन न्या."

"तुम्ही आत चला ना. एकदा बघा."

"त्यांनी तुमाला बोलावलंय."

गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं त्यांनी. निंबाखालची माती पाण्यानं भिजली होती. तिच्याकडे पाहताना मला कळलं की 'बाईच पाहिजेत' याचा माझ्या बाई असण्याशी किंवा वर्गात दुसरी येण्याशी काही संबंध नव्हता. माझं आडनाव देशपांडे होतं, एवढंच त्या घराला पुरेसं होतं.

मोठ्या बाई वाचल्या. दहा दिवसांत पायांची सूज उतरली, त्या उशीवर झोपू लागल्या. गावोगाव बातमी झाली, देशपांडे बाईंनी वाचवलं. माझ्या टेबलासमोर रांग लागली. खोटं कशाला सांगू, मला ती हवीहवीशी वाटली. दोन आठवडे मी कुणाला काही बोलले नाही. साळवेही बोलले नाहीत. त्यांचं गप्प राहणंसुद्धा माझ्याहून चांगलं होतं, याचाही मला राग आला.

तिसऱ्या खेपेला मोठ्या बाईंनी माझा हात धरला. "लेकी, तू जे इचारलंस, ते माझ्या घरात कुनी इचारलं न्हवतं. कशी झोपतीस, म्हनून."

मग मला राहवेना. म्हणाले, "ते मी नाही विचारलं. बाहेर निंबाखाली साळवे डॉक्टर होते, त्यांनी विचारलं. मी नुसती ये-जा करत होते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग ते भाईरच का बसले?"

उत्तर त्या घराला माझ्याआधीपासून माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यासमोर जीप थांबली. बाबाराव आईला धरून माझ्या टेबलाशी घेऊन आले. म्हातारीनं त्यांचा हात सोडवला, पडद्यापलीकडे गेली आणि जिनिंगच्या बायकांच्या मागं, भिंतीला टेकून रांगेत बसली. बाबाराव दारात उभे. आत यावं की जावं, त्यांना कळेना. तासाभरानं तिचा नंबर आला.

काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही. नुसता साळव्यांचा आवाज येत होता, "मंग?" आणि थोड्या वेळानं पुन्हा, "मंग?" मग पंख्याच्या वाऱ्यानं पडदा सरकला. मोठ्या बाईंनी पाठीवरचा पदर बाजूला केला होता. साळव्यांनी पाठीवर हात ठेवला, पण ठोकलं नाही. सबंध पंजा तसाच टेकवून ते उभे राहिले.

"श्वास घ्या."

तिनं घेतला.

"सोडा."

तिनं डोळे मिटून सोडला. तरी त्यांचा हात होता तिथंच होता.

ती गेल्यावर ते माझ्या बाजूला आले, माझ्यासमोर पेशंटच्या स्टुलावर बसले.

"माझा बाप पूर्णेच्या यार्डात कोळसा उपसायचा," ते म्हणाले. "लय खोकायचा. एका डॉक्टराकडं नेलं, तर त्यानं ओट्यावरूनच पुडी टाकली. बापाला पायरीखाली उभं केलं. छातीला हात लावला न्हाई, काय व्हतंय म्हनून इचारलं न्हाई. घरी आल्यावर मीच त्याच्या पाठीला कान लावला. बारा वर्षांचा व्हतो. आतून काय काय आवाज यायचे. मला काही कळायचं न्हाई, पण मी ऐकायचो. त्याला तेवढ्यानंच बरं वाटायचं."

मी उठून पंखा बंद केला.

"तो गेला तेव्हा मी औरंगाबादला परीक्षेला बसलो व्हतो. शेवटी त्याच्या पाठीवर कुणाचा हात व्हता का न्हाई, म्हाईत न्हाई. आईलाबी मी कधी इचारलं न्हाई." त्यांनी नळीच्या ठिगळावरून अंगठा फिरवला. "सगळ्यांना इचारतो, बाई. तिला न्हाई इचारू शकलो."

पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. साळव्यांनी मान वळवली, क्षणभर ऐकलं, आणि उठून गेले.