लाइट लावून बघा!

मी चिकटवलेलं ब्रॅकेट पडत नाही! हे मी कुणालाही, कुठेही, न विचारता सांगतो. ब्रॅकेट म्हणजे वाकडे दात सरळ करताना दातावर चिकटवायचा तो धातूचा चिमुकला चौकोन. पुढे त्यातूनच तार ओवायची असते. माझे पेशंट पेन्सिली चावतात, बाटल्यांची झाकणं दातांनी उघडतात, पण ब्रॅकेट जागचं हलत नाही.

या कर्तबगारीचं कौतुक नाही ते फक्त माझ्या सासऱ्यांना. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले. जावई काय करतात असं कुणी विचारलं की म्हणतात, "तारा ओढतात. आम्हीही ओढायचो, पण खांबांवर!" शिवाय जातील तिथली बटणं बंद करायची त्यांना खोड आहे. एकदा आमचा फ्रिज बंद करून गेले. विचारलं, तर म्हणाले, "उघडून बघितलं, आत उगाच दिवा जळत होता."

सासूबाईंचं मात्र माझ्यावर फार प्रेम. त्यांचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. शाळेत कुणीतरी त्यावरून चिडवलं, तेव्हापासून त्या तोंडावर हात धरूनच हसतात. लग्नाच्या फोटोतसुद्धा हात तोंडावर! साठी उलटल्यावर त्यांनी अचानक जाहीर केलं, "मला दात सरळ करून घ्यायचेत. आता हात मोकळे ठेवून हसायचंय."

मला अगदी भरून आलं. सासऱ्यांना नाही आलं.

"या वयात नसते उद्योग!" ते म्हणाले. "करा. पण एक जरी खांब पडला तरी सगळं काढून टाकायचं. कबूल?"

"कबूल!" मी छाती फुगवून म्हणालो. सासूबाईंनी माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं, की मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती.

ठरल्या दिवशी दोघंही वेळेआधी हजर! मी केबिनमध्ये फोनवर होतो, तोवर सासरेबुवांनी दवाखान्याची पाहणी उरकली.

ब्रॅकेटखाली जो लेप लावतात तो मऊ असतो. त्यावर निळा उजेड पाडला की दगड! त्यासाठी हातात धरायचा एक छोटा दिवा असतो, तो स्टँडवर चार्ज होत उभा असतो. तो दिवा लागेपर्यंत खुर्चीवरचा मोठा लाइट मात्र बंद हवा, नाहीतर लेप त्याच्याच उजेडाने आधी घट्ट होतो. शहाणे डॉक्टर एकेक ब्रॅकेट ठेवून लगेच निळा उजेड देतात. मी सगळी ओळ मांडतो आणि मग दिवा फिरवतो. दिसायला झोकात दिसतं ना!

सासूबाईंच्या तोंडात गाल फाकवायची प्लास्टिकची कडी बसवली. त्यांना आता फक्त "आ" एवढंच बोलता येणार होतं.

"मोठा लाइट घालवा," मी म्हणालो.

"वा! पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात!" म्हणत सासऱ्यांनी स्वतः उठून बटण दाबलं.

खिडकीच्या पुसट उजेडात मी वरची ओळ मांडली. एकेक चौकोन अगदी ओळंब्यात! मग ऐटीत हात पुढे केला. "ताई, लाइट!"

आमच्या मदतनीस ताईंनी दिवा हातात दिला. मी बटण दाबलं. दिव्याने एक केविलवाणी शिट्टी मारली आणि मान टाकली.

"ताई! चार्जिंगला नव्हता लावला?"

"आधीच्या पेशंटला संपला, म्हणून मी आत्ताच लावला होता, डॉक्टर. स्टँडचं बटण बंद आहे."

आम्ही दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"एक हिरवा ठिपका उगाच जळत होता," ते शांतपणे म्हणाले. "मी घालवला."

मी दातओठ खाल्ले. तेवढं करायला माझे दात सरळ आहेत! दिवा चार्जिंगला लावला, पण तो जागा व्हायला वेळ लागणार होता आणि इकडे मऊ लेपावरून ब्रॅकेट हळूहळू घसरायला लागली होती.

"आ! आ!" सासूबाई म्हणाल्या.

"ती म्हणतेय, नको, काढा!" सासऱ्यांनी भाषांतर केलं.

"आ!" म्हणत सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"म्हणजे काढू नका!" मी म्हणालो. "आई, हलू नका, आलोच!"

आतल्या खोलीत एक जुना दिवा होता. मी स्टुलावर चढून खोके उपसू लागलो, ताई खाली स्टूल धरून. दिवा सापडला! त्याची वायर ताईंच्या हातात दिली आणि ओरडलो, "ताई, लाइट लावून बघा!"

दिवा काही लागला नाही. आम्ही पिन बदलली, फुंकर मारली, थोबाडीत मारावी तशा दोन चापट्या मारल्या. शेवटी हात हलवत बाहेर आलो आणि दारातच थिजलो.

खोलीत लख्ख उजेड! सासरेबुवांनी खुर्चीवरचा मोठा लाइट लावून अगदी जवळ ओढला होता आणि त्याखाली वाकून ते सासूबाईंच्या तोंडात टक लावून बसले होते.

"बाबा! हे काय केलंत?"

"तुम्हीच ओरडलात ना, लाइट लावून बघा! लावला. बघतोय."

मी धावत जाऊन ब्रॅकेटला चिमटा लावला. हलेना! दुसरं. हलेना! सगळी ओळ घसरली होती तिथेच वेडीवाकडी पक्की झालेली.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "खांब वाकडे रोवलेत. पण पडला एकही नाही हां!"

मी कडी काढली आणि सासूबाईंच्या हातात आरसा दिला. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं! सवयीने हात वर आला, अर्ध्यावर थांबला आणि पोटावर गेला.

"अहो, बघा तरी! माझे दात बरे म्हणायची पाळी आली!"

सासरे पहिल्यांदाच बटणं सोडून त्यांच्याकडे बघत राहिले.

ती ओळ काढताना मला घाम फुटला. "यापुढे स्टँडच्या बटणाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही!" मी ताईंना दरडावलं. दुसऱ्या दिवशी सगळी ब्रॅकेट पुन्हा, सरळ, चिकटवली. शेवटच्या दाताला दिवा जरा मंद वाटला, पण म्हटलं, माझा चष्मा पुसायला झालाय.

आज, तिसऱ्याच दिवशी, सकाळी सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, शेवटचा खांब पडला."

मी विचारलं, "म्हणजे आता... सगळं काढायचं?"

"काढायचं म्हटलं तर ही मलाच घराबाहेर काढेल. ऐका!" मागे सासूबाई हसत होत्या. खळखळून, मोकळ्या. "आम्ही येतो. खांब तुम्ही रोवा. लाइट मी लावतो, माझ्या लाइटचा एकही पडला नव्हता!"

फोन ठेवून मी स्टँडकडे पाहिलं. बटण बंद! ताईंना हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी निघताना सासरे दारात उभे होते. त्यांच्यावर छाप पडावी म्हणून दवाखान्यातलं एकूण एक बटण कुणी बंद केलं होतं?

हे मात्र मी अजून कुणालाही, कुठेही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.